खोडाळ्याची सरासरी

माझ्या नावापुढे पदवी लागली ती खोडाळ्याच्या टेलिफोन एक्सचेंजवरच्या एका मजुरामुळे. सगळे त्यांना लाईनमन म्हणत. खात्याच्या कागदावर मात्र ते रोजंदारीवरचे मजूर होते आणि शेवटपर्यंत तेच राहिले. मी त्यांना दादा म्हणायचो.

आमचा पाडा खोडाळ्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर. जव्हारच्या वसतिगृहात राहून मी बारावी झालो आणि इंजिनियरिंगचा फॉर्म भरायला बसलो, तेव्हा फोन नंबराच्या रकान्यापाशी अडलो. जवळचा फोन म्हणजे खोडाळ्याच्या एक्सचेंजचाच. एक खोली, भिंतीला लावलेलं यंत्र, खाली बॅटऱ्या आणि दारात दादा. मी घाबरत विचारलं. ते म्हणाले, "लिव की. वाजला तर मी हायच."

पहिल्या यादीत माझं नाव आलं नाही. मी घरी परतून नागलीच्या आवणीला, रोपं लावायला, लागलो. एका दुपारी दादा बांधावरून येताना दिसले, कमरेपर्यंत भिजलेले. ओहोळ उतरून आले होते.

"उद्या बारापर्यंत कॉलेजात पोच. एक जागा रिकामी झालीय. कागद खरे घे, झेरॉक्स नाय चालत."

आईने त्यांना पेज दिली आणि म्हणाली, "एवढ्या पाण्यातून कशाला आलात? बाजाराच्या माणसाकडं निरोप द्यायचा."

"दिला असता वहिनी. पण पोचला का नाय, ते मला कसं कळलं असतं?"

मला घेऊन ते खोडाळ्याला परतले. एसटीला वेळ होता. त्यांनी एक्सचेंजमधून कॉलेजला फोन लावला. "पोराला सांगितलंय. माझ्यासमोर उभा हाय. आता गाडीत बसवतो, जागा कोणाला देऊ नका." मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. "बोल."

"काय बोलू?"

"कायपण. तू हायस, एवढं त्यांना कळू दे."

मी "येतोय" एवढंच म्हणालो. एक्सचेंज अर्धा दिवस कुलूपबंद ठेवल्याबद्दल त्यांची त्या दिवसाची हजेरी कापली गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी हजेरीपटाच्या जुन्या वह्या चाळताना दिसलं. तोवर मी त्यांचा साहेब झालो होतो.

पदवीनंतर मी खात्याची परीक्षा दिली आणि माझी नेमणूक जव्हारला झाली. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुक्यांचे फोन, खोडाळ्यासकट, माझ्या हाताखाली आले. पहिल्या दिवशी दादा खास खोडाळ्याहून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार सायब." मी म्हटलं, दादा, साहेब काय म्हणता. ते म्हणाले, "हापिसात सायब. पाड्यावर बघू." पाड्यावरही ते साहेबच म्हणत राहिले. पण खूश होते. गाडीस्टँडवर चहावाल्याला सांगत होते, "ह्यो आमच्याकडचा. ह्याचा निरोप मी नेलता."

त्या काळात गावोगाव एकेक सार्वजनिक फोन बसवला जात होता. तारा ओढणं या डोंगरात परवडणारं नव्हतं, म्हणून ते रेडिओवर चालत. गावातल्या एखाद्या घरावर उंच पाईपला अँटेना, छपरावर सौरपट्टी, आत बॅटरीची पेटी आणि तिला जोडलेला फोन. जव्हारला बसून मी त्या पेटीची चाचणी घेऊ शकायचो. पेटीने उत्तर दिलं की फोन चांगला.

एकदा अशाच एका पाड्यावरचा फोन मी चांगला ठरवला होता, तरी दादा चार तास चालून तिथे गेले. मी जव्हारला फोनवर होतो. फोन ज्या घरात होता तिथल्या म्हातारीला त्यांनी बोलायला लावल्याचं मागाहून कळलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी दुसरं काहीतरी केलं आणि एकदम म्हातारीचा आवाज आला, "अरं, पण बोलू काय ह्या मेल्यात?"

मागून दादा: "काय रांधलंस ते सांग सायबाला."

"नागलीची भाकर आन् मिरची. येतो का जेवाय तुझा सायब?"

बोलायच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. पेटी उत्तर देत होती, माझ्या चाचणीत सगळं नीट होतं आणि त्या पाड्याला कितीतरी दिवस तोंड नव्हतं. दादांची ही रीतच होती. दुरुस्ती झाली की पलीकडच्या माणसाला बोलायला लावायचं. तो बोलला आणि इकडे ऐकू आला, की मगच वहीत त्या तक्रारीपुढे 'बोलणे झाले' असं लिहायचं.

पुढे संगणक आला. त्याआधी मला प्रशिक्षणाला शहरात पाठवलं. तिथे शिकवलं की कितीही मोठं जाळं असो, त्याच्या व्यवस्थापनाची कामं पाचच. बिघाड शोधणं, कुठे काय जोडलंय याची नोंद ठेवणं, वापराची बिलं करणं, कामगिरी मोजणं आणि नको त्याला आत येऊ न देणं. मी वर्गात पहिला आलो. आमच्या घरात नांगराशिवाय कुठलं यंत्र आलं नव्हतं आणि मी जाळ्याचं शास्त्र शिकून परत येत होतो. आल्यावर दादांना पाची कामं समजावून सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आन् पलीकडचा माणूस बोलला का नाय, ते ह्यातल्या कंच्या कामात येतं?"

मी म्हणालो, "कामगिरीत." ते खोटं आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

संगणकावर प्रत्येक तक्रारीला क्रमांक पडायचा आणि घड्याळ सुरू व्हायचं. लाईनमनने 'बिघाड दूर' कळवलं की घड्याळ थांबायचं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक माणसाची सरासरी निघायची, एक तक्रार बंद करायला त्याला किती तास लागले याची.

ही गोष्ट जव्हारच्या लाईनमनना आठवड्यात कळली. त्यांच्यातला एकजण सकाळी नऊच्या आत फोन करायचा, "साहेब, माझ्या सगळ्या बंद. चहा सांगा." फोन बंदच असायचा. गिऱ्हाईक पुन्हा तक्रार करायचं, नवा क्रमांक पडायचा, नवं घड्याळ सुरू व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत तेही थांबायचं. महिनाभर मेलेला एक फोन अशा रीतीने पुष्कळ तक्रारी होऊन जायचा आणि त्यातली प्रत्येक एका दिवसात सोडवलेली असायची. खोडाळ्याला मात्र एकच तक्रार नऊ नऊ दिवस उघडी. बॅटरी जव्हारहून यायची, डोक्यावरून न्यायची, ओहोळाचं पाणी उतरायची वाट बघायची आणि शेवटी म्हातारीला बोलायला लावायचं. आमच्या दोन तालुक्यांत सगळ्यांत वाईट सरासरी खोडाळ्याची.

मला हे सगळं दिसत होतं. तक्रारी फोन नंबरानुसार लावल्या की आंधळ्यालाही दिसलं असतं. पण जिल्ह्यात आमचं नाव वर आलं होतं आणि बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं होतं. वसतिगृहातून आलेल्या पोराला कौतुक फार गोड लागतं. योग्य वेळी सांगू, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

दादांना तेवढं एकदा सांगून पाहिलं. "दादा, आधी बंद करून टाका. दुरुस्ती मग सावकाश करा."

"दुरुस्त नाय झाला, तर बंद कसा करू?"

"घड्याळ थांबतं ना."

"घड्याळ थांबतं. आन् बाईचा फोन?"

ते हसले आणि कितीतरी वर्षांनी मला एकेरीत म्हणाले, "तुझा निरोप पण मी असाच बंद करायला पायजे व्हता काय रं?"

पुढच्या वर्षी रोजंदारीच्या मजुरांना कायम करण्याची यादी निघणार असं कळलं. दादांचं नाव सेवेच्या वर्षांनुसार वरच होतं. कायम झाले असते तर म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळालं असतं. त्यांच्या घरात आजवर कुणाच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे पाय थकल्यावर बसून खायला दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी गावी कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. म्हणाले, "झालं तर बायकोला एकदम सांगीन. उगं आधी नको."

यादीसोबत जिल्ह्याच्या कार्यालयातून सूचना आली. ज्यांची सरासरी ठरवलेल्या तासांच्या बाहेर आहे, त्यांचा आधी खुलासा मागवावा. माझ्या माणसांत असं नाव एकच होतं. मी वरच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, "सर, हा माणूस सगळ्यांत चांगला आहे."

"मग आकडे वेगळं का सांगतात?"

"आकडे... बाकीचे आधीच बंद करतात, सर."

मग साहेब म्हणाले, "रिपोर्ट कुणाचा आहे? तुमचाच ना? दोन वर्षांचा रिपोर्ट खोटा आहे, असं लेखी देताय का?"

मी नाही म्हणालो. 'हो' या एका शब्दाने सगळं सांगता आलं असतं आणि मी दुसराच शब्द उच्चारला. साहेब मवाळ झाले. "अहो, नोटीस ही औपचारिकता असते. तो माफी लिहून देईल, प्रकरण मिटेल. कशाला ताणता?"

मी नोटिशीवर सही केली. तीन दिवसांनी दादा ती घडी करून खिशात घालून माझ्याकडे आले. टेबलावर ठेवून म्हणाले, "सायब, ह्याला काय उत्तर लिवायचं?"

ज्याने नोटीस पाठवली त्यालाच उत्तर विचारायला ते आले होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं की आता मला त्यांच्यासाठी काही करता येईल. आमच्याकडे हीच पद्धत. साहेब रागावले, की चूक असो नसो, 'झाली चूक, पुन्हा होणार नाही' म्हणायचं आणि सुटायचं. शाळेत तेच, वसतिगृहात तेच, कचेरीत तेच. मी कागद घेतला आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. माझ्या कामात दिरंगाई झाली, हे मला मान्य आहे. यापुढे असे होणार नाही. तरी माफ करावे.

त्यांनी वाचून घेतलं. "दिरंगाई म्हंजे?"

"उशीर."

"उशीर तर झालाच," ते म्हणाले आणि सही केली. मग विचारलं, "ओहोळाचं पाणी लिवायचं नाय का? बॅटरीचं?"

"नको दादा. लांबण लावलं की त्यांना आवडत नाही."

यादी आली तेव्हा त्यांचं नाव तीत नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात होतं: कामातील दिरंगाई लेखी मान्य. पुन्हा फोन केला तर साहेब म्हणाले, "आता काय करणार? त्यानेच लिहून दिलंय." अक्षर कुणाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दादा भांडले असते तर मला सोसलं असतं. ते आले, बाकावर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "बायकोला सांगितलं नव्हतं ते बरं झालं." आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊच्या आत माझा फोन वाजला. "सायब, खोडाळा. माझ्या सगळ्या बंद." मी विचारलं, सगळ्या? ते म्हणाले, "हां. सगळ्या." रोज ठरल्या वेळी तो फोन यायचा. मागे कुणी म्हातारी नसायची, कुणाला 'बोल' म्हटलेलं ऐकू यायचं नाही. महिन्याअखेर खोडाळ्याची सरासरी दोन्ही तालुक्यांत पहिली आली. वहीत 'बोलणे झाले' हे शब्द पुन्हा कधी दिसले नाहीत.

तशी यादी पुन्हा निघाली नाही. काही वर्षांनी डोंगरावर मोबाईलचे टॉवर आले, गावोगावचे रेडिओफोन निघाले आणि दादांचं कामही संपलं. मी बढती घेऊन जव्हार सोडलं होतं. त्यांना कितीदा पत्र लिहायला बसलो असेन, सुरुवातच जमली नाही. त्यामुळे आयुष्यात मी त्यांना पाठवलेलं पत्र एकच. त्याची कार्यालयीन प्रत जव्हार सोडताना मी फाईलमधून काढून घेतली होती.

प्रति,
रोजंदारी मजूर,
टेलिफोन एक्सचेंज, खोडाळा

विषय: तक्रार निवारणातील विलंबाबाबत

आपणांस कळविण्यात येते की, आपल्याकडील तक्रारींच्या निवारणास लागणारा सरासरी वेळ विहित मर्यादेपेक्षा सातत्याने अधिक असल्याचे अभिलेखावरून दिसून आले आहे. ही बाब गंभीर आहे. त्यामुळे आपले नाव कायम करण्याच्या यादीतून का वगळण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

हे पत्र आपणांस पोचल्याची पोच उलट टपाली द्यावी.