गरम गोंदाचा वास

मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी काल ग्लू गन तापवली आणि त्या वासानं मला थेट चाकणच्या जुन्या कंपनीत नेऊन उभं केलं. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळायचो आणि फावल्या वेळात लिनक्स भारी की विंडोज, यावर एका ऑनलाइन फोरमवर तावातावानं भांडायचो. एका सकाळी व्हायरसनं लाइनवरचे सगळे स्क्रीन लॉक केले. शोधाशोध झाली, तेव्हा एका मशीनच्या कॉम्प्युटरला कुरुळीत राहणाऱ्या कंत्राटी ऑपरेटरचा मोबाइल लावलेला सापडला. "साहेब, नुसता चार्जिंगला लावला व्हता, समदेच लावत्यात," तो मॅनेजरला सांगत होता आणि बघत माझ्याकडे होता. व्हायरस कुठून शिरला ते मी कॉम्प्युटरच्या नोंदींत, लॉगमध्ये, वाचलं होतं. घरून मशीन बघता यावीत म्हणून मीच एक रस्ता उघडा ठेवला होता, पासवर्डही सोपा. मी ते लॉग बंद करून टाकलं. मॅनेजरनं त्याचा गेटपास काढून घेतला, आणि मी गोंद तापवून एकेक यूएसबी पोर्ट बुजवत सुटलो. संध्याकाळी फोरमवर लिहिलं, 'सिस्टम कुठलीही घ्या राव, कच्चा असतो तो माणूसच.' काल ग्लू गन थंड होईपर्यंत ते पान उघडून बघितलं. आणखी एक लाइक आला होता.