चिंगीला कांद्याचा रस

माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आणलेल्या मांजराच्या गळ्यात काविळीची माळ बघून मला आधी हसू आलं. मग मी तिचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक, त्यात पिवळी झाक. हसू तिथंच थांबलं.

माळ गुरुजींनी घातली होती. गंगाखेडला सातवीत त्यांनीच मला विज्ञान शिकवलं. आता ते रिटायर आहेत, म्हणजे दिवसभर शिकवतात.

"कावीळ हाय," ते म्हणाले. "लघवी पण लाल व्हायलीय. तू फक्त सलाईन लाव."

निदान तयार, उपचार तयार. मी फक्त सुई टोचायला.

"खायला काय दिलं होतं?"

"दूधभात. बाकी काई न्हाई."

"आन् औषध?" चिंगीला पदरात धरून बसलेल्या काकू, गुरुजींच्या बायको, म्हणाल्या. "ते सांगा की त्यांना."

औषध हे खाण्यात मोजायचं असतं, हे गुरुजींना मंजूर नव्हतं. मे महिन्यात चिंगी फरशीवर पसरली. मे महिन्यात सगळीच मांजरं पसरतात. गुरुजींनी ठरवलं, ऊन लागलं. कांद्याचा रस, चमचाभर, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. ती मलूल होत गेली तसा चमचा मोठा झाला.

कांदा मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. मग रक्त कमी पडतं, लघवी लाल होते, अंग पिवळं पडतं. कच्चा असो, शिजलेला असो, नाहीतर रश्शातला. लसूण तर त्याहून जहाल.

"मी रोज खिशात कांदा ठेवतो," गुरुजी म्हणाले. "मला कुठं काय झालं?"

"तुम्ही मांजर नाही, गुरुजी."

"मग मिठाचं पाणी पाजून उलटी काढू का?"

"चार दिवसांचा कांदा पोटात बसून राहिलाय का? तो रक्तात गेला. आणि जास्त मीठसुद्धा तिला विषच. तुम्ही आता काहीही करू नका."

काकू रडायला लागल्या. "लेकरं पुण्याला. दिवसभर मी हिच्याशीच बोलते, डॉक्टर. हिला काई झालं तर काय ह्यांच्याशी बोलू?"

मला वाईट वाटलं, आणि गुरुजींचा रागही आला. रक्त चढवायची वेळ आली तर आमच्याकडे सोय नाही, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला. दोन दिवस काकू दवाखान्याच्या बाकावरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला. पाचव्या दिवशी चिंगीनं मला ओरबाडलं. इतकं गोड ओरबाडणं मी आजवर अनुभवलं नव्हतं.

मांजरानं कांदा, लसूण, चॉकलेट असलं काही खाल्लं, तर लक्षणांची वाट बघू नका. काय, किती, कधी, एवढं सांगून लगेच डॉक्टरला फोन करा. प्रेमानं पाजलेलंही त्यात सांगा.

घरी सोडताना मी रक्तवाढीच्या औषधाची चिठ्ठी लिहिली. गुरुजींनी हात पुढे केला. काकूंनी ती मधल्यामध्ये घेतली.

"माझ्याकडं द्या, डॉक्टर. ह्यांना विज्ञान लय येतं."