पाण्याखालची हाक

माझा हेडफोनचा महागडा अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला, तेव्हा एक माणूस तो ऐकून बघायला नंदुरबारला माझ्या घरी आला होता. बाकीचे शौकीन गाणी लावून यंत्र पारखतात. याने मोबाइलमधलं पाण्याचं रेकॉर्डिंग लावलं.

"आमचं मणिबेलीचं घर धरणात गेलं, दादा. बोटीतून तिथंच पाण्यात माइक सोडला होता. पण मोबाइलवर नुसती खरखर येते."

हेडफोन लावून तो डोळे मिटून बसला. झोपलेल्या माणसाचं पांघरूण सरकवावं तसा हळूहळू आवाज वाढवत गेला. मधूनच मान हलवायचा, ओठ मात्र घट्ट मिटलेले.

मग त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आधी पाण्याची घुमघुम ऐकू आली. मग अगदी तळातून, फार लांबून, एका बाईने कुणाला तरी हाक मारली. सवयीने माझ्या तोंडून "ओ" निघून गेली.

त्याने झटकन हेडफोन काढून घेतले.

"आम्ही नुसतं ऐकतो. ओ देत नाही."

यंत्र न घेताच तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "आता ती तुमची वाट बघेल."

अ‍ॅम्प अजून माझ्याकडेच आहे, बंद. तरी दुपारी घर निवांत झालं की मी ओठ घट्ट मिटून बसतो.