इंजिनकाकूंचा दुसरा गिअर

मास्तरांकडे दोन गाड्या होत्या. एक पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची, तिला चार चाकं होती. दुसरी घराच्या बाहेरच्या खोलीत, तिला चार खुर्च्या होत्या. ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्याचा पहिला महिना खुर्च्यांवरच जायचा. "आधी पाय शहाणा, मग गाडी," हा मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याला कारणही तसंच होतं. शाळा काढली त्या पहिल्याच वर्षी शिकाऊ मंडळींनी क्लच न दाबता गिअर ओढून ओढून गिअरबॉक्सचा तीनदा चुराडा केला. तिसऱ्यांदा मास्तरांनी दात पडलेलं एक चक्र घरी आणलं, टेबलावर ठेवलं आणि घरातलं माणूस गेल्यासारखे दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, जुनी गादी फाडून स्प्रिंगा काढल्या आणि तीन फळ्यांखाली ठोकल्या. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. एका चौकोनी डब्याच्या झाकणाला खाचा पाडून त्यात वडिलांची काठी खोवली. डावीकडे पुढे पहिला गिअर, सरळ मागे दुसरा. मग मधोमध येऊन उजवीकडे, पुढे तिसरा, मागे चौथा. झाली गाडी.

आता राहिला आवाज. मास्तरांचं म्हणणं, गिअर डोळ्यांनी बदलत नाहीत, कानांनी बदलतात. म्हणून मास्तर स्वतःच इंजिनाचा आवाज काढू लागले. तो आवाज ऐकून शेजारच्या आजी काठी टेकत विचारायला आल्या, "कुणाला उलट्या होतायत का गं?"

मास्तरांची बायको तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. तिचे वडील पिठाच्या गिरणीवाले. गिरणीच्या आवाजावरून जात्यात दाणे जास्त पडलेत की कमी, हे तिला पाचव्या वर्षापासून कळायचं. तीन दिवस तिनं नवऱ्याच्या गुळण्या सहन केल्या. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून, हातातली सुरी खाली न ठेवता, तिनं आवाज दिला, "घुर्रर्र..."

बाहेरच्या खोलीत शिकणाऱ्याचा पाय आपोआप क्लचवर गेला.

त्या दिवसापासून सत्तावीस वर्षं ती त्या शाळेचं इंजिन होती. गल्लीत तिला सगळे इंजिनकाकू म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तिथंच राहिलं.

गाडी सुरू करायची म्हणजे "काकू!" अशी हाक मारायची, हीच किल्ली. काकू भाजी चिरता चिरता घुरघुर सुरू करायच्या. क्लच एकदम सोडला की काकू खोकायच्या आणि गप्प व्हायच्या, मग पुन्हा न्यूट्रलपासून श्रीगणेशा. क्लच न दाबता काठी हलवली तर त्या दात कराकरा खाल्ल्यासारखा असा काही "कर्रर्र" करायच्या की शिकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मीठ चाखायला चमचा तोंडात गेला की गाडी बंद. काकूंना सर्दी झाली की मास्तर वर्गाला सांगायचे, "आज कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, सांभाळून घ्या."

आणि गंमत अशी की इथं शिकलेली माणसं पुढे खऱ्या गाडीत बसली तरी गिअर बदलताना तोंडातल्या तोंडात घुरघुरायची. भर चौकात सिग्नल सुटला की निम्म्या गाड्यांमधून बारीक आवाजात इंजिनकाकू ऐकू यायच्या. बाहेरगावचा माणूस दचकायचा. गावातल्यांना त्यात काही वाटत नसे.

काकू स्वतः मात्र गाडीत नेहमी मागे बसायच्या, मांडीवर पिशवी घेऊन.

असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीचा फोन आला. लेक चढापलीकडच्या गावात दिलेली, दिवस भरत आलेले. बस मोठा वळसा घालून जायची, अर्धा दिवस मोडायचा.

"आई, कळा सुरू झाल्या की फोन करीन. तू लगेच ये. तू असलीस की मला भीती नाही."

"येते म्हणजे येतेच," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी देवाला हात जोडले आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मला गाडी शिकवा."

मास्तर हसले. "मी आहे ना, मी नेईन."

"बहिणीच्या लेकीच्या बारशालाही तुम्हीच नेणार होतात. बॅच संपली की जाऊ म्हणालात. बॅच संपली तेव्हा तिची पोर शाळेत जायला लागली होती."

"अगं, पण इंजिनच गाडी चालवायला गेलं तर बॉनेटखाली काय, मी बसू?"

"बसा की. जागा आहे."

मास्तर चिडले. काकूही चिडल्या, पण त्यांची चिडायची रीत वेगळी होती. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा खुर्चीत बसले, पट्टा बांधला, "काकू!" म्हणून हाक मारली. स्वयंपाकघरातून लसूण सोलल्याचा आवाज तेवढा आला.

"काकू?"

"इंजिन संपावर आहे, आजोबा."

हे आजोबा म्हणजे शाळेचा सर्वांत जुना विद्यार्थी. पाच महिने खुर्चीवर होते आणि पाच महिने दुसऱ्या गिअरमध्येच होते. तिसऱ्यात जाताना काठी उजवीकडे न्यायच्या ऐवजी सरळ पुढे ढकलायचे, ती पहिल्यात जायची आणि काकू किंचाळायच्या. चार दिवस इंजिनच नसल्यावर आजोबांचा धीर सुटला.

"मास्तर, माझं वय बघा. मला मरायच्या आधी तिसऱ्या गिअरमध्ये जायचंय. बाईंना शिकवून टाका."

"तुम्ही मध्ये पडू नका हो."

"मी मध्ये नाही, मी दुसऱ्यातच आहे. तेच तर दुःख आहे."

मास्तरांचा नाइलाज झाला. पण नियम म्हणजे नियम. काकूंनाही आधी खुर्चीवरच बसवलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काकू ड्रायव्हरच्या खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि सवयीनं हाक मारली, "काकू!"

मग लक्षात आलं, की काकू आपणच.

आता स्वतःच आवाज काढायचा आणि स्वतःच गिअर बदलायचा. काकूंना ते फारच सोपं गेलं. आवाज चढला की क्लच तळापर्यंत, उजवा पाय वर, काठी न्यूट्रलला, तिथून पुढच्या घरात, मग क्लच हळूहळू सोडत सोडत उजवा पाय हलकेच खाली. एकदाही गाडी बंद पडली नाही. पडणार कशी? पाय चुकला की घसा सांभाळून घ्यायचा, घसा चुकला की पाय. महिन्याचा धडा पाच दिवसांत संपला, मास्तरांनी पाठ थोपटली आणि त्यांना मैदानावर खऱ्या गाडीत नेलं.

तिथं घोडं पेंड खायला लागलं. काकूंनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि त्याच्यावर आवाज चढवून काकू घुरघुरू लागल्या. त्यांच्या घशातली गाडी तिसऱ्या गिअरला आली होती तेव्हा खालची गाडी जागेवरून हललीही नव्हती. एक आचका, आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा घुर्रर्र, पुन्हा आचका.

"अगं, गप्प बस! गाडीला स्वतःचं इंजिन आहे!"

"मग सत्तावीस वर्षं मला कशाला ओरडायला लावलंत?"

आठ दिवस रोज मैदानावर हाच प्रकार. काकूंना कळत होतं की आपण घुरघुरायला नको, पण हात गिअरवर गेला की घसा उघडायचाच. जांभई आवरावी तसा तो आवाज आवरायला गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. परीक्षेची तारीख मात्र जवळ आली, आणि लेकीचीही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी काकूंनी देवाला नमस्कार केला आणि काय सुचलं कोण जाणे, गाडीत बसायच्या आधी तांब्या तोंडाला लावून तोंडभर पाणी घेतलं. गिळलं नाही. गाल फुगवून तशाच बसल्या. तोंड उघडलं तरच घुर्रर्र येणार होतं ना?

परीक्षा घ्यायला आलेले साहेब कडक होते. करकरीत इस्त्रीचा शर्ट, हातात फळी, फळीवर कागद.

"पूर्ण नाव?"

काकूंनी रेशनकार्ड पुढे केलं.

"वय?"

काकूंनी कार्डावर बोट ठेवलं.

"बोलता येत नाही का?" साहेबांनी खिडकीबाहेर उभ्या मास्तरांना विचारलं.

"येतं," मास्तर म्हणाले. "तोच तर घोळ आहे."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चला."

काकूंनी क्लच दाबला, पहिला टाकला, हँडब्रेक सोडला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इंजिन ऐकलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते साधं होतं. त्यात थोडी खरखर, थोडी कुरकुर, म्हाताऱ्या माणसासारखी. आवाज जरा वर गेला, काकूंनी क्लच दाबून दुसरा टाकला. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी पुढे सरकली. मग तिसरा. नजर रस्त्यावर, हात गिअरवरून परत स्टिअरिंगवर. गाल फुगलेले, मान ताठ. रस्त्यावरचं एक लहान मूल त्यांच्याकडे बघून स्वतःचे गाल फुगवायला लागलं.

"आता चढावर घ्या," साहेब म्हणाले.

चढ लागला आणि इंजिन कण्हायला लागलं. हा आवाज काकूंना ओळखीचा होता. गिरणीत दाणे जास्त पडले की जातं असंच गुदमरायचं, आणि वडील म्हणायचे, "पोरी, ओझं कमी कर तिचं, मेली बिचारी." गिअर खाली आणायला हवा. आत्ता, गाडी पार थकायच्या आधी. काकूंचा डावा पाय तळाशी गेला, उजवा उचलला, हात गिअरवर गेला, आणि त्याच क्षणी गाडीत स्पष्ट ऐकू आलं,

"घुर्रर्र... हुंऽऽ."

काकूंनी नव्हतं काढलं. त्यांचं तोंड तर पाण्यानं भरलेलं. त्यांनी हात न थांबवता दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दिला, गाडी दमदार चढायला लागली. तेव्हा कुठं त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. साहेब फळी छातीशी धरून, भान हरपून, घुरघुरत होते. डावा बूट गाडीच्या पत्र्यावर दाबत होते. दुसऱ्या गिअरचा तो आवाज, शेवटच्या त्या लहानशा हुंकारासकट, काकूंच्याच घशातला होता. वीस वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत कुणीतरी बारकासा, घामेजलेला तरुण खुर्चीवर बसायचा, तोच हा.

काकूंना हसू फुटलं. तोंडातलं सगळं पाणी काचेवर, स्टिअरिंगवर आणि साहेबांच्या कागदावर. शाई पसरली. गाडी मात्र बंद पडली नाही. काकू हसता हसता, आतल्या पाण्यासाठी बाहेरचा वायपर लावून, चढ चढून गेल्या.

वर सपाटीला गाडी थांबली. साहेबांनी रुमालानं शर्ट पुसला.

"इंजिनकाकू?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो रे बाळा. कसा आहेस?"

"चौथा गिअर अजून जरा जड जातो," साहेब म्हणाले आणि एकदम घसा खाकरून त्यांनी नवा कागद काढला. "हे पहा, ओळख ओळखीच्या जागी. मी लिहिणार ते जे पाहिलं तेच." आणि त्यांनी लिहिलं: गिअर बिनचूक. काच ओली.

परवाना आला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, लेकीचा फोन आला. काकूंनी पिशवी उचलली आणि मास्तरांपुढे हात पसरला, किल्लीसाठी. मास्तर चपला घालायला लागले.

"मी येतो. असं एकटीला कसं सोडू?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आजोबांचा कातर आवाज आला. "मास्तर! गेली! तिसऱ्यात गेली!"

दोघं दारात धावले. आजोबा घामानं निथळत खुर्चीत बसले होते, काठी तिसऱ्याच्या खाचेत होती, आणि ती परत निसटेल म्हणून त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

"त्यांची उद्या खुर्चीवरची परीक्षा आहे," काकू म्हणाल्या. "पाच महिन्यांनी माणूस तिसऱ्यात गेलाय. अशा वेळी इंजिन बंद करायचं?"

मास्तरांनी आजोबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. किल्ली तिच्या हातावर ठेवली. "चढाच्या आधीच दुसऱ्यात ये," म्हणाले. "मधोमध नको. आणि क्लचवर पाय ठेवून राहू नकोस."

"मला सांगताय?" काकू म्हणाल्या. मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या शेगडीपाशी उभं राहून त्यांनी गुळण्या सुरू केल्या.

काकू चढाच्या अलीकडेच दुसऱ्यात आल्या. तोंड मिटलेलं, मनात देवाचं नाव, कान खाली इंजिनापाशी. गाडी कुरकुरत चढली. वर पोचल्यावर तिसरा टाकताना मात्र त्यांनी स्वतःला एक लहानसा हुंकार माफ केला.

लेक दारातच उभी होती, एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी. गाडी बघून तिनं आत डोकावलं, बाजूची रिकामी सीट बघितली, मागची बघितली.

"आई, तू एकटी? बाबा कुठायत?"

"बाबा घरी इंजिन आहेत," काकू म्हणाल्या आणि पलीकडचं दार उघडलं. "चल, बस. दवाखाना कुठल्या बाजूला ते सांग."