वहिनीने बसवलेलं इंजिन

आमची वहिनी दादासाठी या घरात आली असं लोक समजतात. मी त्याची सख्खी बहीण, तेव्हा माझं ऐका. ती दादाच्या जीपसाठी आली. दादा सोबत मिळाला, म्हणून तिने ठेवून घेतला.

ती पहिल्यांदा त्या जीपमध्ये बसली तेव्हा मी मागच्या सीटवर होते. नवी सून काहीतरी गोड बोलेल म्हणून आई कान टवकारून बसलेली, आणि सूनबाईंचं सगळं लक्ष गिअरच्या दांड्याकडे. गाडी जागेवर उभी असतानाही तो थयथय नाचत होता. वहिनी म्हणाली, "माउंटिंग गेलंय." कोण गेलं, असं आईने फार काळजीने विचारलं.

माउंटिंग म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला रबराचा ठोकळा. इंजिनाची सगळी थरथर तो बिचारा पोटात घालतो. तो तुटला की इंजिन उसळतं आणि पंखा रेडिएटरचा चुरा करतो. दरवर्षी जुन्या दगडखाणीत जीपची शर्यत असते. दादा दरवर्षी शेवटच्या उंचवट्यावरून गाडी हवेत उडवायचा, टाळ्या घ्यायचा, आणि मग आम्ही सगळे ती दोराने ओढत घरी आणायचो. वर म्हणायचा, हल्ली रबरच भिकार येतं. नाचता येईना, अंगण वाकडं.

वहिनी गॅरेजवाल्याची मुलगी. तिने आमच्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं गॅरेज थाटलं, आणि खडकात, चिखलात फिरणाऱ्या गाड्या लांबलांबून तिच्याकडे येऊ लागल्या. दादाची जीप सोडून. ती जीप मात्र दादाच्या एका मेकॅनिक मित्राकडेच जायची. तो मित्र इंजिन जॅकवर उचललेलं असतानाच बोल्ट करकचून आवळायचा. रबर पिळलेलं राहायचं आणि पहिल्याच दणक्यात फाटायचं. वहिनी बोल्ट आधी नुसते हाताने लावते, जॅक काढते, इंजिन चालू करून त्याला आपल्या वजनाने नीट बसू देते, आणि मग पाना घेते. "पाहुणा टेकल्याशिवाय त्याला पाणी विचारू नये," हे तिचं तत्त्व. ऑइलने रबर कुजतं, म्हणून त्यावर डाग दिसला, तर गळती सापडेपर्यंत ती जेवायला येत नाही. आई दारातून हाका मारून दमते. शिवाय इंजिनाला ती एक साखळी बांधते, बोटभर ढील ठेवून, म्हणजे ठोकळा तुटलाच तरी इंजिन फार उसळायला नको. दादाच्या मते साखळी ही भित्र्यांची सोय.

पण तिला खरी ओढ होती ती खाणीत गाडी चालवायची. लग्नापासून ती मागत होती आणि दादा हसण्यावारी नेत होता. यंदा तिने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा दादाने मोठा मुत्सद्दीपणा केला. म्हणाला, या वर्षी इंजिन तू बसव. माउंटिंग तुटलं, तर पुढच्या वर्षी स्टिअरिंग तुझं. नाही तुटलं, तर हा विषय पुन्हा कधी काढायचा नाही.

म्हणजे बघा, तिने काम चोख केलं तर तिचं स्वप्न गेलं, आणि काम बिघडलं तर नाव गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. मला इतका राग आला की मी शेडमध्ये जाऊन तिला सरळ म्हटलं, एक बोल्ट जरा सैल सोड, कोणाला कळणार आहे? गाडीखालून तिचा फक्त आवाज आला.

"मला कळेल की. तो दिवा जरा इकडे धर."

मी मुकाट्याने दिवा धरला. तिने प्रत्येक बोल्ट आवळला. तिचे डोळे पाणावलेले मला दिसले, आणि आपल्या भावाला एक ठेवून द्यावीशी वाटली.

शर्यतीच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत दादा सुटला आणि आम्ही कठड्याला धरून उभ्या. गाडी खडकांवरून अशी गेली, जणू तिला कोणी तेल लावून सोडलंय. गिअरचा दांडा गप्प, इंजिन जागच्या जागी. गाडी सगळं सोसतेय हे दादाच्या ध्यानात आलं, आणि माकडाच्या हाती कोलीत. शेवटच्या उंचवट्यावर तो आजवर कधी उडाला नव्हता इतका उंच उडाला. गाडी आदळली. इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. माउंटिंग शाबूत होतं. ती पैज हरली होती, आणि तरी टाळ्या वाजवत होती, वेडी बाई.

दादा मात्र गाडीतून उतरेना. चौघांनी त्याला उचलून ताडपत्रीवर आडवा केला. कंबर धरली होती. मला हसू आवरेना; मी आईच्या पाठीमागे लपून हसले, तर आईच हसत होती. दुसरी फेरी पुकारली गेली. दुसरा चालक चालतो, असं पंचांनी सांगितलं. दादाने आभाळाकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"तू नेतेस का गाडी?"

"विषय काढायचा नाही असं ठरलंय."

"मी काढतोय ना."

तिने ओढणी कमरेला आवळली. मी न विचारता शेजारी जाऊन बसले. जन्मभर सगळ्यांना खड्ड्यात हळू जा म्हणणारी ही बाई आज तरी जपून चालवेल, असा माझा भाबडा समज. खडक, चढ, वळण, सगळं तिने दात दाखवून हसत पार केलं, आणि मी देवाचं नाव घेत, शिव्या देत, हसत हसत रडत होते. समोर शेवटचा उंचवटा आला आणि तिने वेग कमी करायचा सोडून वाढवला.

"वहिनी, माउंटिंग," मी ओरडले.

"मी बसवलंय ते," ती म्हणाली, आणि आम्ही उडालो.