टाकीच्या झाकणापाशी

आमच्या राईस मिलमध्ये कॉम्प्युटर आला, त्याच्या आधी त्याचा कूलर आला. धान उकडायच्या शेडमध्ये आम्ही सगळे वाफेत घामाघूम व्हायचो, तिथे इतक्या वर्षांत साधा पंखा लागला नव्हता. आता शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन उभी राहिली, खिडकीत कूलर बसला आणि दारावर पाटी लागली की चपला बाहेर काढा. मी तेव्हाच मनात म्हटलं, ज्या वस्तूचे एवढे लाड होतात ती कोणाच्या तरी पोटावर पाय देणार.

कोणाच्या, तेही दिसत होतं. माझ्या नवऱ्याच्या.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट, तुमसरजवळची. मी मिलच्या तपासणीच्या खोलीत कामाला होते. धानातला ओलावा पाहायचा, तांदळाचा रंग आणि तुकडा पाहायचा, चांगला की वाईट ते सांगायचं. नवरा त्याच मिलमध्ये वाफेच्या व्हॉल्व्हवर होता. उकडा तांदूळ करायचा तर धान आधी गरम पाण्यात भिजवावं लागतं. ते पाणी तापवायला शेडमध्ये मोठी लोखंडी टाकी होती आणि तिथून ते नळाने धानाच्या हौदात जायचं. बॉयलरची वाफ टाकीत सोडायची आणि पाणी बेताचं तापलं की बंद करायची, हे त्याचं काम. पाणी कमी तापलं तर दाणा आतून कच्चा राहतो आणि पुढे तुटतो. जास्त तापलं तर धान फुटतं, तांदूळ काळपट पडतो आणि व्यापारी त्याला हात लावत नाही.

नागपूरहून आलेल्या इंजिनियरने मला ते यंत्र समजावून सांगितलं, कारण मी विचारलं. बाकीचे लांबूनच बघत होते. टाकीत एक सळई सोडली होती. पाणी किती गरम आहे ते तिच्याकडून वायरीने केबिनमध्ये जायचं. किती गरम हवं, हे कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलेलं. पाणी त्याहून थंड असलं की तो व्हॉल्व्ह उघडायचा, तापलं की मिटायचा. माणसाने मध्ये पडायचं कारण नव्हतं.

मी विचारलं, “म्हणजे टाकीत काय चाललंय ते सगळं त्याला कळतं?”

“सगळं नाही हो बाई. सळईच्या टोकाला जेवढं लागेल तेवढंच.”

हे उत्तर मला सरळ वाटलं. इंजिनियरवरचा माझा संशय थोडा कमी झाला. फार नाही.

मिलच्या मालकाचं, शेठचं, म्हणणं वेगळं होतं. केबिनची पूजा झाली, नारळ फुटला, आणि त्याने धान उपसणाऱ्या, वाळवणाऱ्या सगळ्या मजूर बायांना समोर उभं करून सांगितलं, “ये मशीन सब देखती है. पानी, भाप, सब. एक बूँद भी इधर-उधर हुई तो मेरे को मालूम पड़ेगा.” त्या दिवसापासून बाया केबिनसमोरून जाताना पदर पुढे ओढून जाऊ लागल्या. पडद्यावर हिरवे आकडे पळायचे, त्यांत आपला फोटो निघतो असं त्यांचं ठरलं होतं. मी समजावायला गेले तर त्यांनी मलाच संशयाने पाहिलं. मी पडले ऑफिसच्या बाजूची.

नवऱ्याला केबिनमध्ये खुर्ची दिली. हुकूम असा, की पडद्याकडे बघायचं आणि काही झालं तरी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. हाताने फिरवायचं जुनं चाक जागेवरच होतं. शेठ म्हणाला, काही दिवस असंच राहू दे, मग बघू. ‘मग बघू’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

पहिले काही आठवडे तांदूळ चांगला निघाला. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या हाताखालून निघायचा त्यापेक्षा चांगला, एका रंगाचा. शेठने विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. त्या दिवशी घरी नवऱ्याच्या ताटात भाजीत मीठ कमी निघालं, वरण पातळ निघालं आणि पोळी जाड निघाली.

मग थंडी पडली आणि काळपट तांदूळ यायला लागला. रोज नाही, सगळा नाही. दिवसपाळी सुटताना धानाचा जो लॉट भिजत घातला जायचा, तेवढाच. शेठला फार विचार करावा लागला नाही. व्हॉल्व्हवर जन्म घालवलेला माणूस, मशीन बदनाम झालं तर फायदा त्याचाच. त्याने नवऱ्याला सगळ्यांदेखत ऐकवलं की आता एक जरी लॉट जळला तर घरी बसायचं.

मला तरी दुसरं काय वाटलं? तेच वाटलं. संध्याकाळी जेवायला वाढताना मी विचारलं.

“तुमी चाकाले हात लावता का?”

त्याचा घास हातातच राहिला. “शेठ म्हणते ते म्हणते. तू बी मलेच विचारून राहिली?”

“विचारून राहिली म्हणून सांगा.”

“नाही लावत. बसून पाहतो नुसता. आकडा धाडकन खाली येते, व्हॉल्व्ह उघडते अन् वाफ सुटतच राहते. मले तर उठाचीही मनाई आहे. ते मशीनच येडं आहे.”

माझा पूर्ण विश्वास बसला नाही. मग वाटलं, इंजिनियरनेच आत काही उलटसुलट करून ठेवलं असेल. मग वाटलं, शेठलाच नवऱ्याला काढायला निमित्त हवं असेल. पण संशय वाढवून तांदळाचा रंग बदलत नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या सुमारास मी नमुन्याचा डबा घेतला आणि टाकीजवळच्या पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिले.

बाया आल्या. त्यात नवल नव्हतं. पाळी सुटली की टाकीच्या नळाला बादल्या लावून हातपाय, मान धुवायची, ही रीत मिल सुरू झाल्यापासूनची. धानाचं कुसळ मानेला, काखेत टोचत राहतं आणि थंडीत गार पाण्याने निघत नाही. नवऱ्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. शेठलाही असावं, पण त्याने पाहिलं नाही असं धरून सगळे चालायचे.

नवीन होतं ते पुढचं. एक बाई गरम पाण्याची बादली भरून बाजूला झाली की दुसरी हापशीवरून गार पाण्याची बादली आणायची आणि झाकण उचलून टाकीत ओतायची. एक बादली काढली की एक भरली. अशी रांगच लागली होती. आणि टाकीला वरून तेवढंच एक तोंड होतं. इंजिनियरने सळई त्याच झाकणातून आत सोडली होती, म्हणजे गार पाणी थेट सळईवर पडायचं आणि तिला सगळी टाकीच गार वाटायची.

मी पुढे झाले. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारलं, “मावशी, हे गार पाणी कायले टाकता?”

“मंग? मशीन मोजते ना. जेवढं घेतलं तेवढं भरून ठेवतो आमी. उद्या चोरीचा आळ नको आपल्यावर.”

तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडला आणि वाफ फुसफुसत टाकीत शिरली. ती घाईने पदर सावरत म्हणाली, “पाहा, आपल्याकडंच पाहून राहिली.”

बॉयलरच्या नळांमुळे केबिनमधून टाकीची ही बाजू दिसत नव्हती. नवरा काचेमागे गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत बसला होता. शेठने धाक घातला नसता तर बायांनी एक थेंब परत टाकला नसता. पूर्वी त्या पाणी नुसतं घेऊन जात, तेव्हा लॉट कधी जळला नव्हता.

शेठला सांगितलं असतं तर नवरा सुटला असता आणि बाया गेल्या असत्या. गप्प बसले असते तर नवरा गेला असता. म्हणून मी इंजिनियरला गाठलं. काळपट तांदळाची तक्रार ऐकून तो पुढच्याच दिवशी मिलमध्ये आला. त्याला टाकीजवळ उभं केलं आणि स्वतः एक बादली झाकणातून ओतली. तो केबिनकडे धावला आणि आकडा धाडकन खाली आलेला पाहून परत आला.

“सळई इथूनच का सोडली?” मी विचारलं.

“भोक तयार होतं,” तो म्हणाला. मग हळूच, “शेठजींना हे सांगणार आहात?”

“तुम्ही बायांचं सांगणार आहात?”

आमचं तेवढ्यात भागलं. त्याने सळई काढून पाणी धानाकडे नेणाऱ्या नळात बसवली आणि शेठला सांगितलं की थंडीमुळे जागा बदलावी लागली. तांदूळ पुन्हा एका रंगाचा यायला लागला. बायांना मी सांगितलं की मशीन पाणी मोजत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि गार पाणी ओतणं चालूच ठेवलं. आता त्याने बिघडत नव्हतं.

शेठला मात्र थंडीचं कारण पटलं नसावं. त्याने व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. लाईट गेली की चाक हातानेच फिरवावं लागे आणि लाईट वरचेवर जायची, म्हणून नवऱ्याची नोकरी राहिली. पण किल्ली त्याच्याकडे ठेवायला शेठ तयार नव्हता आणि इंजिनियरवर त्याचा भरवसा नव्हता. ती त्याने माझ्याकडे दिली. नवऱ्यापेक्षा मशीनचा तांदूळ चांगला, असं मीच सांगितलं होतं ना.

पहिल्यांदा नवरा माझ्या खोलीत धावत आला तो दिवस आठवतो.

“किल्ली दे.”

“कायले?”

“कायले म्हणजे? लाईट गेली.”

मी उठून दिव्याचं बटण दोनदा खालीवर करून पाहिलं. मग किल्ली दिली.