वाढ्याचं लोणचं

दक्षिण समुद्रातल्या आमच्या बेटावर, लबासाच्या साखर कारखान्यापासून सहा मैलांवर, वुनिमोलीत, कामाची नावाची अक्का आणि मी शेजारी राहत होतो. मी शाळेत शिकवायची, ती दहा एकर ऊस एकटीच सांभाळायची. नवरा गेल्यावर दिरांनी जमीन सोडायला सांगितलं, तर म्हणाली, "नांगर मला येतो. तुमचं काय काम आहे ते बोला."

आमच्याकडे पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल; त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गवत जूनमध्येच करपलं. ऊस लवकर तोडला गेला आणि शेतात हिरव्या वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, ढीग पडले. आठ दिवस गुरं खायची, मग वाढे वाळायचे आणि सगळे काडी लावायचे. अक्का मात्र तिच्या ढिगापाशी उभीच राहिली.

"मास्तरीणबाई, डोशाचं पीठ आंबून टिकतं, मग वाढं का नाही टिकणार?"

तिने कमरेएवढा खड्डा खणला, वाढे बारीक तोडून भरले, वरून कारखान्यातली काळी, गोड मळी भरपूर ओतली, ताकाचं पाणी शिंपडलं आणि ताडपत्री घालून माती लोटली. तीन आठवड्यांनी उघडलं तर दारूच्या गुत्त्यासारखा वास! तिचा कप्तान बैल पोटभर खाऊन अंगणात डुलायला लागला.

सैलोसी कुंपणापलीकडचा, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. तो पोट धरून हसला. "अक्का, मी चर्चला निघालोय आणि तुझा बैल सकाळीच टाकून आलाय!"

"हस. पुढच्या खेपेला तूच माझ्याकडे चारा मागायला येशील."

"चारा कसला, लोणचं आहे ते!"

सगळ्या वस्तीत तेच नाव झालं. अक्काने ते मनावर घेतलं नाही. कुजलेला भाग कुठे होता, बरा भाग कुठे, हे ती हाताने चाचपत बसली. कडेला, जिथे हवा राहिली होती, तिथे जास्त बिघडलं होतं. मळीनेही घात केला होता, कारण वाढ्यात गोडवा मुळातच होता. मग दुसऱ्या खड्ड्यात मळी नाही. पुढच्या तोडीचे ताजे वाढे अर्धा दिवस उन्हात सुकवले, ओल शोषायला कोरडं चिपाड मिसळलं. राहिलं ते दाबणं. एकटी बाई किती तुडवणार?

ती थेट सैलोसीकडे गेली. "तुझी रग्बीची पोरं संध्याकाळी धावतात ना? माझ्या खड्ड्यात धावू देत."

पंधरा धिप्पाड गडी दोन तास नाचत होते. अक्काने त्यांना टॅपिओकाचे उकडलेले कंद आणि माशांचं कालवण घातलं.

चाळीस दिवसांनी ताडपत्री उचलली. पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस, स्वच्छ वास. अक्काने चिमूटभर जिभेवर ठेवलं, थुंकलं आणि हसली. कप्तानने मान वर न करता खाल्लं आणि सरळ चालत गेला.

पुढचा पाऊसही लांबला आणि फेब्रुवारीपर्यंत आसपासच्या वस्त्यांतली गुरं पडू लागली. आमच्या वस्तीत मात्र अक्काचं पाहून तोवर अकरा खड्डे झाले होते. एकतीस जनावरांपैकी एकही दगावलं नाही. सैलोसीची गाय तर व्यालीसुद्धा. तो टोपली घेऊन आला तेव्हा अक्काने नुसतं विचारलं, "लोणचं किती वाढू?"

"भरून दे, अक्का. आता लाजवू नकोस."

मग शेती खात्याचा अधिकारी आला, नमुने घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "यात जे जंतू काम करतात, ते डोशाच्या पिठातल्यांचेच भाऊबंद."

"म्हणजे माझ्याच घरचे," अक्का म्हणाली.

पुढच्या वर्षी लबासाच्या सभागृहात शेतकरी जमले. अधिकारी सांगू लागला, "एका स्थानिक बाईने..." अक्का तिसऱ्या रांगेतून उठली. "स्थानिक बाईला नाव आहे. कामाची. माझं मी सांगते."

ती पाऊण तास बोलली. पहिल्या खड्ड्याची फजितीसुद्धा लपवली नाही. कुणीतरी मागून विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. आणि खड्डे एकवीस."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सैलोसी वाजवत होता, उभा राहून. माझे डोळे भरले होते, तरी मी नीट पाहिलं. अक्का पदर सावरत दुसऱ्या प्रश्नाकडे वळली होती.